मल्कोवालची बाटली

आज हप्ता, व्याज, पासबुक हा विषय बाजूला ठेवलाय. आज एका बाटलीची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे, पण ती आमच्यापर्यंत आली मागच्या हिवाळ्यात झालेल्या एका भांडणामुळे, आणि त्या भांडणात चूक आमची होती. म्हणून आधी भांडण सांगतो, मग बाटली.

लसीकरणाचा दिवस होता. अंगणवाडीत सकाळी साडेनऊच्या सुमाराला नर्सबाईंनी गोवर-रुबेलाच्या लसीची बाटली फोडली. आम्ही गटाच्या चौघी-पाचजणी मदतीला होतो, नावं वाचून दाखवायला, पोरं सांभाळायला. दुपारी दोनच्या पुढे ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई कडेवर दहा महिन्यांचं पोर घेऊन धापा टाकत आली. पहाटेपासून फडात होती. गाडी भरल्याशिवाय तिला निघता आलं नव्हतं. नर्सबाई तेव्हा आवराआवर करत होत्या आणि ती बाटली टाकून द्यायला बाजूला काढली होती. तळाशी औषध शिल्लक दिसत होतं. ती म्हणाली, "उरलंय की ह्यात. द्या माझ्या पोराला." नर्सबाई म्हणाल्या, "चार तास उलटून गेले, आता ही चालत नाही. नवी बाटली आज उरली नाही. पुढच्या वेळेला या."

झालं. आम्ही सगळ्या त्या बाईच्या बाजूनं उभ्या राहिलो आणि नर्सबाईंवर तुटून पडलो. फेकायला औषध आहे आणि गरिबाच्या लेकराला नाही का, असंही बोललो. नर्सबाई गप्प राहिल्या. बाई पोराला घेऊन तशीच परत कोपीवर गेली. तिचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडाला तो बुडालाच.

संध्याकाळी गटाच्या बैठकीत हाच विषय निघाला. आमच्या खजिनदार ताईंची मुलगी फार्मसीचं शिकते, ती सुट्टीला घरी आली होती. कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती. पुस्तकाचं नाव सूक्ष्मजीवशास्त्र. त्यात एक भाग रोगप्रतिकारशक्तीचा. तिची आई आम्हाला नेहमी म्हणायची, औषधाचं दुकान टाकायचं तर ह्या पोरीला जंतू कशाला शिकवतात, कुणास ठाऊक. तर ती मुलगी मान वर करून म्हणाली, "मावशी, नर्सबाई बरोबर होत्या. तुम्हाला मल्कोवाल माहीत आहे का?"

आम्हाला कुठलं माहीत असायला. तिनं सांगितलं, मग आम्ही आणखी वाचलं, विचारलं. ते सगळं आता तुम्हाला सांगतो. पण मल्कोवालला जायच्या आधी मुंबईला जावं लागेल, आणि प्लेगकडे.

प्लेग हा शब्द आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो. जांघेत, काखेत गाठ यायची, ताप चढायचा आणि माणूस दोन-चार दिवसांत जायचं. घरात उंदीर पडायला लागले की गावच्या गाव घरांना कुलपं घालून रानात झोपड्या टाकून राहायला जायचं. आमच्या एका वयस्क सभासदांनी त्यांच्या सासूबाईंकडून हे ऐकलेलं आहे. चूल रानात, जनावरं रानात, बाळंतपणसुद्धा रानात.

मुंबईत हा प्लेग १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात ओळखला गेला. ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस, मूळचे गोव्याचे. त्यानंतर सरकारनं जे केलं त्याची कडवट आठवण महाराष्ट्रात अजून आहे. लोकांना जबरदस्तीनं दवाखान्यात नेणं, घरात शिरून झडती घेणं, सामान बाहेर काढून जाळणं, स्टेशनवर बायाबापड्यांची काखा-जांघा बघून तपासणी. पुण्यात त्या कामावरच्या रँडसाहेबावर चापेकरांनी २२ जून १८९७ ला गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकलो. त्याच पुण्यात, त्याच साथीत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात आणलं आणि त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यांच्या पुण्यतिथीला आपण हार घालतो तेव्हा ही साथ डोळ्यांसमोर असायला हवी.

आता लसीची गोष्ट. वाल्देमार हाफकिन नावाचा एक माणूस, जन्म १८६० चा, गाव ओदेसा, ज्यू धर्माचा. पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत काम केलेला. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस आधी स्वतःला टोचून घेऊन तो १८९३ ला कलकत्त्याला आला होता. प्लेग आला तसं त्याला मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला मिळालं काय, तर एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन-चार शिपाई. तिथे त्यानं तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली.

कशी केली, हे ऐका, कारण ते आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे. मांसाचं सत्त्व उतरवलेलं पातळ पाणी घ्यायचं. त्यात प्लेगचे जंतू सोडायचे, आपण दुधात विरजण सोडतो तसे. वरून तुपाचे थेंब सोडायचे. होय, तुपाचेच. तरंगणाऱ्या तुपाखाली जंतू लोंबत्या झुंबरासारखे वाढत जायचे. मधून मधून बाटली हलवायची म्हणजे ते खाली पडायचे आणि वर नवे वाढायचे. असं काही आठवडे चाललं की बाटली गरम करून सगळे जंतू मारायचे. ते मेलेले जंतू म्हणजे लस.

मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीर त्याला ओळखून ठेवतं. पुन्हा तसाच जिवंत जंतू आत आला तर त्याच्याशी लढायची तयारी रक्तात आधीच झालेली असते. ह्या तयारीतल्या हत्यारांना त्या मुलीच्या पुस्तकात प्रतिपिंडं म्हणतात. तिनं आम्हाला दिलेला दाखला सोपा होता. गावात एकदा चोर धरला गेला की दुसऱ्यांदा त्याच चेहऱ्याचा माणूस वेशीवर दिसला तरी कुत्री भुंकतात.

१० जानेवारी १८९७ ला हाफकिननं ही लस आधी स्वतःच्या अंगात घेतली, तीही मोठी, १० सीसी. ताप आला, दुखलं, पण माणूस जगला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांना विचारलं. जवळजवळ निम्मे तयार झाले. पुढे हिशेब लागला तो असा: ज्यांनी टोचून घेतलं नाही त्यांच्यात १२ आजारी पडले, ६ मेले. टोचलेल्यांत २ आजारी पडले, मेलं कुणी नाही. कैद्याला 'नाही' म्हणायची किती मोकळीक असते, हा प्रश्न आमच्या बैठकीत निघाला, आणि तो योग्यच आहे.

त्याहून आम्हाला हललं ते उंधेरा गावचं ऐकून. बडोद्याजवळचं गाव, हजारेक वस्तीचं. १८९८ ला तिथे प्लेग होता. हाफकिन आणि त्याचे सहकारी तिथे गेले आणि त्यांनी घरटी निम्म्या माणसांना टोचलं, निम्म्यांना नाही. एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचं खाणारी माणसं. नंतर ज्या २८ घरांत प्लेग शिरला तिथला हिशेब केला. न टोचलेले ६४ जण होते, त्यांतले २७ आजारी पडले आणि २६ मेले. टोचलेले ७१ होते, त्यांतले ८ आजारी पडले, ३ मेले. लसीचा गुण दाखवायला ह्याहून चोख हिशेब मिळणार नाही. पण घरातलं निम्मं कुठलं, हे त्या घरातल्या बाईला विचारलं असेल का? आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये.

तर लस नावारूपाला आली. आगाखानांनी चारचौघांत स्वतःला टोचून घेतलं, तेव्हा त्यांच्या खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. हुकमानं जे झालं नव्हतं ते आपल्या माणसानं दंड पुढे केल्यावर झालं. १८९९ ला परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात हाफकिनची प्रयोगशाळा सुरू झाली. तिथून बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

आता मल्कोवाल. पंजाबातलं एक गाव, आता ते पाकिस्तानात आहे. १९०२ ला पंजाबात प्लेगनं कहर केला होता आणि लसीची मागणी भराभर वाढली होती. ३० ऑक्टोबर १९०२ ला ह्या गावात १०७ जणांना लस टोचली. पाच बाटल्या लागल्या. त्यांतल्या एका बाटलीवर ५३ एन असा नंबर होता. त्या बाटलीतून १९ जणांना टोचलं होतं. आठवड्याच्या आतबाहेर त्या १९ जणांचे जबडे धरले, अंग धनुष्यासारखं ताणलं गेलं, आणि सगळेच्या सगळे १९ जण मेले. बाकीच्या चार बाटल्यांमधून टोचलेल्या ८८ जणांना काही झालं नाही.

तुम्ही ओळखलंच असेल, हा प्लेग नव्हता. हा धनुर्वात.

धनुर्वाताचा जंतू कुठे असतो? मातीत, शेणात, घोड्याच्या लिदीत, गंजल्या खिळ्यावरच्या धुळीत. म्हणजे आपल्या अंगणात. त्याची खोड अशी की त्याला हवा सोसत नाही. हवा नसलेल्या जागी तो वाढतो आणि विष तयार करतो. हवेत, उन्हात, कोरड्यात असला की तो टणक कवच घेऊन बसतो, बी जसं कणगीत वर्षानुवर्षं पडून राहतं तसा. ह्या बीजाणूला साधं उकळतं पाणी पुरत नाही. कार्बोलिकच्या पाण्यात एखादी वस्तू बुडवून काढल्यानं तर त्याचं काहीच बिघडत नाही. त्याला मारायला दाबाखालची वाफ लागते, १२१ अंशांची, १५ मिनिटं. ते यंत्र म्हणजे आपला कुकरच, फक्त मोठा आणि काटेकोर. फार्मसीच्या मुलांना पहिल्यांदा तेच चालवायला शिकवतात.

मग त्या बाटलीत धनुर्वात शिरला कुठून? सरकारनं चौकशी नेमली. तिनं ठरवलं की बाटली परळलाच बिघडली असावी. त्याला कारणही होतं. मागणी पुरवायची घाई होती म्हणून हाफकिननं लसीत कार्बोलिक अॅसिड घालायचं बंद करून नुसत्या उष्णतेवर भर दिला होता, आणि त्या उष्णतेनं प्लेगचा जंतू मरतो, धनुर्वाताचं बी मरत नाही. हाफकिनकडून प्रयोगशाळा काढून घेतली. ज्यानं लस स्वतःला टोचून घेतली होती त्याच्यावर १९ खुनांचा डाग लागला.

पण गावात काय झालं होतं ते हळूहळू बाहेर आलं. बाटलीचं बूच काढायचा चिमटा कंपाउंडरच्या हातून जमिनीवर पडला होता. त्यानं तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात बुडवला आणि त्यानंच बूच ओढलं. एवढंच. शिवाय जाणकारांनी म्हटलं की बाटली जर आठवडे आधी परळला बिघडली असती तर आत इतकं विष साठलं असतं की माणसं फार लवकर आजारी पडली असती, आणि बूच काढताच घाण वास आला असता. मलेरिया डासांमुळे होतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंतांनी लंडनच्या टाइम्समध्ये १९०७ च्या जुलैत पत्र छापून आणलं, की हाफकिनवरचा आरोप खोटा ठरला आहे. त्यानंतर त्याला हिंदुस्थानात परत येऊ दिलं. आला तो कलकत्त्याला, पण पहिलं मोठं काम त्याच्या वाट्याला परत आलं नाही. परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव मिळालं १९२५ साली. हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो ती हीच.

आमच्या बैठकीत इथे दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, त्या कंपाउंडरलाच फाशी द्यायला हवी होती. आम्हाला तसं वाटत नाही. चिमटा खाली पडला तर आपणही काय करतो? पुसतो आणि पुढे चालतो. त्यानं तर पुसण्यापेक्षा जास्त केलं, औषधाच्या पाण्यात बुडवला. त्याला धनुर्वाताच्या बीजाचं टणक कवच कुणी शिकवलेलं होतं? औषध हाताळणाऱ्याला हे शास्त्र आलंच पाहिजे, असा कायदा त्या काळी आपल्याकडे नव्हता. फार्मसीची पदवी हिंदुस्थानात सुरू झाली १९३७ ला, बनारस हिंदू विद्यापीठात, महादेव लाल श्रॉफ यांच्या खटपटीनं. फार्मसी कायदा आला १९४८ ला. म्हणजे मल्कोवालनंतर ४६ वर्षांनी.

खजिनदार ताईंना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. त्यांची मुलगी आता जंतू वाढवायला शिकते, ते मारायला शिकायचं म्हणून. टोचायच्या औषधाचा प्रत्येक घाणा बाहेर पडायच्या आधी त्यातले नमुने एका पोषक पाण्यात घालून १४ दिवस ठेवतात. त्या पाण्याचा एक प्रकार मुद्दाम हवा नको असलेल्या जंतूंसाठी बनवलेला असतो, म्हणजे धनुर्वाताच्या जातीचे असतील तर तिथे वाढतील आणि पाणी गढूळ होईल. पाणी गढूळ झालं की तो घाणा अडकतो. ती म्हणाली, "आई, आम्ही चौदा दिवस नुसतं पाणी गढूळ होतंय का ते बघतो." तिची आई म्हणाली, "लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला का, ते मीही तसंच बघते."

आणि आता आमची ती चार तासांची बाटली. गोवर-रुबेलाची लस कोरड्या भुकटीसारखी येते. ती द्रावणात कालवली की त्यात जंतू मारणारं काही घातलेलं नसतं, कारण ते घातलं तर लसच मरेल. त्यातला विषाणू दुबळा केलेला असला तरी जिवंत असतो. मग सुई आत-बाहेर करताना एखादा जंतू शिरला, तर त्याला वाढायला आयती जागा मिळते. म्हणून कालवल्यापासून चार तास, नंतर टाकून द्यायची, तळाशी कितीही उरलेली असो. गरोदरपणी आपण जी टीडीची सुई घेतो, पूर्वी तिला टीटी म्हणायचो, त्या बाटलीत जंतू वाढू न देणारं द्रव्य असतं. नीट थंड ठेवली तर ती उघडल्यावरही चार आठवड्यांपर्यंत वापरता येते. म्हणून एक बाटली परत थंड डब्यात जाते आणि एक कचऱ्यात, आणि आपल्याला वाटतं ह्यांचा काही नेम नाही.

टीडीचं नाव निघालंच आहे तर एवढं सांगून ठेवतो. नाळ विळ्यानं कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं, आणि सातव्या-आठव्या दिवशी पोर दूध ओढायचं बंद करून ताठ व्हायचं, हे आपल्या आजीच्या पिढीनं पाहिलेलं आहे. कुणी ते सटवाईवर ढकलायचं, कुणी बाळंतिणीच्या पायगुणावर. तो मल्कोवालचाच जंतू होता. मातेला टोचलं की तिच्या रक्तातली तयारी पोटातल्या बाळाला मिळते. स्वच्छ बाळंतपण आणि ही सुई, ह्या दोन गोष्टींनी २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. उच्चाटन म्हणजे जंतू संपला असं नव्हे. प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकापेक्षा कमी बाळ, असा त्याचा अर्थ. माती तीच आहे, शेणही तेच आहे, सुई थांबली तर तो परत येईल.

पुढच्या आठवड्यात आम्ही नर्सबाईंची माफी मागायला उपकेंद्रावर गेलो. त्या म्हणाल्या, "तुम्ही ओरडलात त्याचं काही नाही. पण ते पोर सुटलं ते माझ्या डोक्यातून जात नाही." मग सगळ्यांनी मिळून मुकादमाला गाठलं. आधी तो ऐकेना, एका गाडीचा खोळंबा म्हणजे कारखान्यावर नंबर जातो म्हणाला. शेवटी एवढं कबूल केलं की लसीकरणाच्या दिवशी लहान पोरांच्या आयांना पहिल्या खेपेनंतर सोडेल. आशाताईंनी कोप्यांवर जाऊन पोरांची नावं लिहून आणली. सात निघाली. त्यांतल्या तिघांचं कार्डच नव्हतं.

पुढच्या महिन्यात त्या सातांपैकी पाच आली. ती बाई पहिली आली होती, साडेदहाच्या आत. पोराला पुढे करायच्या आधी तिनं आम्हाला बाटली दाखवून विचारलं, ह्यावर काय लिहिलंय. नर्सबाईंनी पेनानं वेळ घातली होती, ९:४०. आम्ही वाचून दाखवली. तिनं बोटांवर मोजलं आणि पोराची बाही वर सरकवली.